नेटवर्कवाले आणि ॲपवाले: पंचवीस वर्षांच्या भागीदारीचा आढावा

मोबाइल नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीकडे ग्राहक असतो, त्याचा नंबर असतो, बिल वसूल करण्याची यंत्रणा असते आणि तो या घडीला साधारण कुठे आहे हेही तिला कळत असतं. ॲप बनवणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याला एखाद्या धंद्यातली नेमकी अडचण ठाऊक असते आणि त्यावरचा उपाय तो फोनवर उतरवू शकतो. दोघांना एकमेकांची गरज आहे, हे तिसऱ्या कोणी समजावून सांगावं लागत नाही. तरीही टेलिकॉम कंपन्यांनी, फोन बनवणाऱ्यांनी आणि चिप बनवणाऱ्यांनी डेव्हलपरना हात देण्यासाठी काढलेल्या योजनांपैकी थोड्याच टिकल्या. आता हीच भागीदारी नव्या रूपात पुन्हा मांडली जात आहे, म्हणून मागचा हिशेब तपासून घेण्याची ही वेळ आहे.

इथे भर धंद्याच्या ॲपवर आहे. दुकानोदुकानी ऑर्डर घेणारा विक्री प्रतिनिधी, विजेच्या मीटरचा फोटो काढणारा कर्मचारी, पार्सल पोचवणारा मुलगा, विम्याचा सर्व्हेअर, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातला माणूस ज्यावर दिवसभराचं काम करतो ती ही ॲप. त्यांचे वापरणारे मोजके असतात, पण चूक महागात पडते. गाणं मध्येच थांबलं तर माणूस चिडतो. ओटीपी आला नाही तर माल गोदामात परत जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

नऊ टक्क्यांचा करार

या भागीदारीचा पहिला मोठा आणि यशस्वी नमुना जपानचा. एनटीटी डोकोमो या कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवा सुरू केली. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, पडदा इवलासा. पण तिचा करार विचारपूर्वक बांधलेला होता. मान्यताप्राप्त सेवा देणाऱ्याची महिन्याची वर्गणी डोकोमो ग्राहकाच्या फोन बिलातून वसूल करायची, त्यातले ९ टक्के स्वतःकडे ठेवायची आणि बाकी रक्कम सेवा देणाऱ्याला द्यायची. पानं लिहिण्याची भाषा वेबच्या एचटीएमएलचंच आटोपशीर रूप होती, त्यामुळे वेबसाइट बनवणाऱ्याला नव्याने फार शिकावं लागत नव्हतं. ऑगस्ट २००० पर्यंत ग्राहकांचा आकडा एक कोटीवर गेला.

डोकोमोने ९ टक्क्यांवर समाधान मानलं, कारण तिची खरी कमाई डेटाच्या वापरातून होत होती. ॲपवाल्याचा धंदा वाढला की तिचा डेटा आपोआप विकला जाई. पुढच्या अनेक योजना याच ठिकाणी घसरल्या, म्हणून ही रचना लक्षात ठेवावी. अर्थात तिच्यावर टीकाही झाली. मान्यता कोणाला द्यायची हे डोकोमो ठरवत असे, आणि जपानी फोन स्वतःच्याच रचनेत इतके रुतले की बाहेरच्या जगाशी त्यांचा मेळ राहिला नाही, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे.

दुसरा नमुना चिप बनवणाऱ्या कंपनीचा. क्वालकॉमने २००१ मध्ये सीडीएमए फोनसाठी ब्रू ही व्यवस्था आणली. डेव्हलपरने एकदा करार केला की त्याचं ॲप वेगवेगळ्या देशांतल्या ऑपरेटरांच्या यादीत जाऊ शकत असे. ठरलेल्या किमतीतला सुमारे ८० टक्के वाटा त्याला मिळे, उरलेल्यात क्वालकॉम आणि ऑपरेटर. वसुलीची चिंता नाही आणि उधारी बुडण्याची भीती नाही, हे तिचं बलस्थान. अडचण चाचणीची होती. बाहेरच्या प्रयोगशाळेत पैसे भरून ॲप तपासून घ्यावं लागे आणि फोनचं मॉडेल बदललं की पुन्हा तेच. लाखो लोकांना विकायच्या खेळाला तो खर्च परवडे. एका कंपनीच्या शंभर-दोनशे विक्री प्रतिनिधींसाठी लिहिलेल्या ॲपला तो अंगावर येई.

धंद्याच्या ॲपचा विचार आधी आणि करमणुकीचा नंतर, असं उलट्या क्रमाने करणारी मोठी कंपनी म्हणजे कॅनडाची रिसर्च इन मोशन. तिच्या ब्लॅकबेरीचा सर्व्हर ग्राहक कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयात बसत असे, आणि कोणतं ॲप कोणाच्या फोनवर जाईल हे त्या कंपनीचा आयटी विभाग ठरवी. मे २००८ मध्ये तिने रॉयल बँक ऑफ कॅनडा आणि थॉमसन रॉयटर्स यांच्यासह मोबाइल ॲप कंपन्यांसाठी १५ कोटी डॉलरचा गुंतवणूक निधी जाहीर केला. पैसा, साधनं, ग्राहक, सगळं एका जागी होतं. पण निधी जाहीर झाला त्याच उन्हाळ्यात बाजाराची दिशाच बदलली. त्याकडे येण्याआधी महाराष्ट्रात डोकावायला हवं, कारण याच काळात इथे झालेले प्रयोग या वादावर जास्त प्रकाश टाकतात.

वारणेचा एसएमएस आणि बाजारभावाचं कार्ड

कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या सत्तर गावांसाठी केंद्र आणि राज्य सरकारच्या मदतीने संगणक केंद्रं सुरू झाली. हेतू मोठे होते: शिक्षण, आरोग्य, बाजारभाव. प्रत्यक्षात शेतकरी तिथे येत ते मुख्यतः उसासाठी. वजन किती भरलं, तोडणीची पाळी कधी, खताची मागणी नोंदली का, एवढंच त्यांना हवं असे. संगणक मात्र जुने होत चालले होते, वीज जात होती आणि देखभालीचा खर्च थांबत नव्हता.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी त्याच सेवा साध्या फोनवर आणून पाहिल्या. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. शेतकऱ्याचा क्रमांक ठरावीक पद्धतीने एसएमएसमध्ये लिहून पाठवायचा, पलीकडे कारखान्याच्या संगणकाला जोडलेला फोन तो वाचणार, नोंद शोधणार आणि उत्तर एसएमएसनेच परत पाठवणार. संगणकावरची सगळी कामं फोनवर होऊ शकली. नवी पद्धत स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना जास्त आवडली, असा निष्कर्ष संशोधकांनी प्रसिद्ध केला.

माझ्या दृष्टीने या प्रयोगातली मोलाची गोष्ट अशी, की त्यात मोबाइल कंपनीशी वेगळी भागीदारी लागलीच नाही. कोणतंही सिम, कोणताही साधा फोन, नेहमीच्या दराचा एसएमएस. नेटवर्क फक्त वाहक होतं. डेव्हलपरला मदत करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच्या वाटेत न येणं, असं मानणाऱ्यांना वारणा हे चांगलं उदाहरण आहे. पण सात गावांपुरतं हे जमतं. सप्टेंबर २०११ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने नको असलेल्या संदेशांना आळा घालण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली. एवढ्या मर्यादेत मोठ्या कारखान्याचा गळीत हंगाम एका सिमवर चालवणं अवघडच होतं. मोठ्या प्रमाणावर जायचं तर ऑपरेटरच्या दारात जावंच लागतं.

ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रातच सुरू झाली. पिकाचा बाजारभाव, हवामान आणि सल्ला मराठी एसएमएसमधून मिळे. टपाल कार्यालयातूनही तिची प्रीपेड कार्डं विकली गेली, म्हणजे ऑपरेटरच्या बिलावर न विसंबता वसुलीची स्वतंत्र वाट शोधली गेली. पाठोपाठ नोकियाने आपल्या स्वस्त फोनमध्ये लाइफ टूल्स ही सेवा बसवली. तिची चाचणीही महाराष्ट्रातच झाली आणि त्यात राज्याच्या कृषी पणन मंडळाचा सहभाग होता. फोन कंपनी, ऑपरेटर, माहिती देणारी संस्था आणि सरकारी मंडळ अशी ही चौघांची मोट होती.

उपयोग किती झाला? अर्थतज्ज्ञ मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी पुणे, नाशिक, अहमदनगर, धुळे आणि सातारा या जिल्ह्यांतल्या १०० गावांत रॉयटर्सच्या सेवेची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शेतकऱ्याला मिळालेल्या भावावर ठळक सरासरी परिणाम आढळला नाही. सेवा निरुपयोगी होती असा याचा सरसकट अर्थ काढता येत नाही. कुठे विकायचं याचे निर्णय काही शेतकऱ्यांनी बदलले होते. पण भागीदारीच्या यशाची मोजणी ग्राहकसंख्येवर आणि बातम्यांवर होत असताना या दोघांनी शेतकऱ्याच्या हातात काय पडलं हे विचारलं, आणि त्या प्रश्नाचं वजन अजून कमी झालेलं नाही.

स्टोअरचा दणका

१० जुलै २००८ रोजी ॲपलचं ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप घेऊन उघडलं. किमतीतले ७० टक्के डेव्हलपरला, ३० टक्के ॲपलला. त्याच वर्षी गूगलचं अँड्रॉइड मार्केट आलं. ९ टक्के घेणाऱ्या डोकोमोच्या मानाने हा वाटा जबर होता, तरी डेव्हलपर तिकडे धावले. देशोदेशीच्या ऑपरेटरांशी स्वतंत्र बोलणी नको, ग्राहक सगळ्या जगातला, साधनं फुकट. भारतातल्या डेव्हलपरला तर हे विशेष जाणवलं. इथे रिंगटोन आणि एसएमएस पॅकच्या काळात उत्पन्नाचा मोठा भाग ऑपरेटरकडेच राहतो ही जुनी तक्रार होती, आणि न मागता सुरू झालेल्या सेवांमुळे ग्राहकही वैतागले होते. शेवटी २०१३ मध्ये ट्रायला अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणं सक्तीचं करावं लागलं.

ऑपरेटरांनी उत्तर म्हणून फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोनात ‘होलसेल ॲप्लिकेशन्स कम्युनिटी’ची घोषणा केली. २४ ऑपरेटर एकत्र आले, त्यांचे मिळून तीन अब्जांवर ग्राहक. ॲप एकदा लिहा आणि सगळ्यांच्या नेटवर्कवर चालवा, हे वचन. २०१२ मध्ये तिचं तंत्रज्ञान ॲपिजी या कंपनीकडे गेलं आणि संस्था आटोपली. चोवीस मालकांचं एकमत होईपर्यंत बाजार पुढे निघून गेला होता.

आजच्या भूमिका

ऑपरेटरांचं म्हणणं असं: स्पेक्ट्रम आम्ही विकत घेतला, टॉवर आम्ही उभारले, त्यावर चालणाऱ्या धंद्यांनी कोट्यवधी कमावले आणि आम्ही स्वस्त डेटा विकत बसलो. नेटवर्कमधली जी माहिती आणि क्षमता फक्त आमच्याकडे आहे, तिची किंमत आम्हाला मिळावी. शिवाय दार सताड उघडं ठेवलं तर फसवणारेही आत येतात आणि शिव्या आम्ही खातो. या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. भारतातल्या नकोशा संदेशांचा अनुभव घेतलेला कोणीही तो सहज झटकणार नाही.

डेव्हलपरांचं म्हणणं: किंमत द्यायला आमची ना नाही, पण ती आधी कळावी, सगळ्यांना सारखी असावी आणि नियम रातोरात बदलू नयेत. त्यांच्या बाजूने दोन भारतीय उदाहरणं बोलकी आहेत. पहिलं *९९# चं. इंटरनेटशिवाय साध्या फोनवर बँकेचे व्यवहार करता यावेत यासाठी ही यूएसएसडी सेवा ऑगस्ट २०१४ मध्ये देशभर सुरू झाली. तिचा वाहक ऑपरेटरच, आणि दर किती हा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. ट्रायने २०१३ मध्ये एका सत्राला दीड रुपयाची कमाल मर्यादा ठरवली होती, ती २०१६ मध्ये पन्नास पैशांवर आणली आणि २०२२ मध्ये शून्यावर. तोवर यूपीआयची ॲप घरोघर पोचली होती. दुसरं उदाहरण ८ मार्च २०२१ चं. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवलेल्या साच्याशी ताडून पाहणारी व्यवस्था लागू झाली आणि देशभर बँकांचे, दुकानांचे, सरकारी सेवांचे ओटीपी अडकले. ट्रायला ती तपासणी आठवडाभरासाठी थांबवावी लागली. उद्देश रास्त होता, पण ज्यांची नोंदणी अपुरी होती त्यांचं काम त्या दिवशी ठप्प झालं.

तिसरी भूमिका नेट समानतेच्या, म्हणजे नेटवर्कने सगळ्या ॲपना सारखंच वागवावं या मताच्या, पुरस्कर्त्यांची. ऑपरेटर आणि ॲप यांची जवळीक हीच त्यांना धोक्याची वाटते. एप्रिल २०१५ मध्ये एअरटेलने एअरटेल झिरो जाहीर केलं: ॲपवाल्याने पैसे भरावेत, ग्राहकाला ते ॲप वापरताना डेटाचा खर्च नाही. टीका उसळल्यावर फ्लिपकार्टने त्यातून माघार घेतली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली. गोदामात पॅकिंग करणाऱ्यांचं कामाचं ॲप कंपनीच्या खर्चाने मोफत चालावं यात गैर काय, असा प्रश्न धंद्याच्या ॲपवाल्यांनी विचारण्यासारखा आहे. त्यावर समानतावाद्यांचं उत्तर असं, की ज्याच्याकडे पैसा त्याचं ॲप मोफत आणि नवख्याचं महाग, ही वाट एकदा उघडली की बंद होत नाही.

ऑपरेटर आणि डेव्हलपर यांच्या मध्ये चौथा गट तयार झाला आहे, मध्यस्थांचा. २००८ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या ट्विलिओने ऑपरेटरांचा गुंता पोटात घेऊन डेव्हलपरला सोपी साधनं दिली. मुंबईची रूट मोबाइल याच क्षेत्रातली. २०२४ मध्ये तिची मालकी बेल्जियमच्या प्रॉक्सिमस या टेलिकॉम समूहाकडे गेली. ऑपरेटरला जे स्वतः जमलं नाही ते तो आता विकत घेतो आहे.

ओपन गेटवे

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्सिलोनात जीएसएमए या ऑपरेटरांच्या जागतिक संघटनेने ओपन गेटवेची घोषणा केली. सुरुवातीला २१ समूह आणि आठ सेवा. तांत्रिक मसुदे लिनक्स फाउंडेशनच्या ‘कॅमारा’ प्रकल्पात खुलेपणाने लिहिले जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या एरिक्सनने एअरटेल आणि रिलायन्स जिओसह बारा ऑपरेटरांबरोबर या सेवा एकत्रित विकणारी कंपनी काढण्याचं जाहीर केलं. तिला पुढे अडुना हे नाव मिळालं.

यातली एक सेवा जवळून पाहू. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या ॲपवरून मोठी रक्कम काढण्याची मागणी आली. ॲप नेटवर्कला एकच प्रश्न विचारतं: या नंबरचं सिम गेल्या काही तासांत बदललं आहे का? उत्तर हो किंवा नाही. हो आलं तर व्यवहार थांबवून शाखेतून खात्री करून घ्यायची. चोरून काढलेल्या दुसऱ्या सिमवर ओटीपी मागवून खातं रिकामं करण्याची फसवणूक इथे पकडली जाऊ शकते. या प्रश्नाचं उत्तर ॲपल किंवा गूगलकडून मिळत नाही, ते फक्त ऑपरेटरकडे असतं. म्हणूनच आधीच्या प्रयत्नांपेक्षा या खेपेला मला जास्त आशा वाटते. होलसेल कम्युनिटी ॲपलचंच काम ॲपलपेक्षा उशिरा करायला निघाली होती. हे काम नेटवर्कवाल्यांचं स्वतःचं आहे.

जे सुटलेलं नाही

पहिला प्रश्न दराचा. जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइल नंबरच्या पडताळणीसाठी नियमांचा मसुदा काढला, त्यात खासगी संस्थांसाठी प्रत्येक विचारणेला तीन रुपये सुचवले होते. बँकेला तो आकडा किरकोळ आहे. रोज हजारो छोट्या ऑर्डर हाताळणाऱ्या गावातल्या दूध संकलनाच्या ॲपला तो तसा नाही. डोकोमोसारखं लहान वाट्यावर समाधान मानावं की क्वचित आणि महाग विकावं, यावर ऑपरेटरांचं आपसातही एकमत दिसत नाही.

दुसरा प्रश्न ५जीच्या खास मार्गिकांचा. रुग्णवाहिकेतल्या उपकरणाला किंवा कारखान्यातल्या यंत्राला हमखास वेग देणारा नेटवर्कचा वेगळा तुकडा तंत्राने शक्य आहे. ट्रायच्या २०१७ च्या शिफारशींनी विशेष सेवांना समानतेच्या नियमातून वगळण्याची वाट ठेवली होती. पण विशेष कशाला म्हणायचं? रुग्णवाहिकेवर वाद होणार नाही. दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपनीने तोच तुकडा मागितला, की होईल.

तिसरा प्रश्न पोचण्याचा, आणि तो कोणत्याही करारापेक्षा जुना आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणी ॲपवर बांधावर उभं राहून पिकाचा फोटो आणि नोंद स्वतः भरू लागले. सह्याद्रीच्या कुशीतल्या किंवा मेळघाटातल्या शेतात रेंज नसेल तर नेटवर्ककडून मिळणाऱ्या कोणत्याही हुशार सेवेचा तिथे उपयोग नाही. माहिती फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवणारं ॲप लिहिण्याची कला डेव्हलपरला शिकवणं, ही तिथली खरी मदत. भागीदारीच्या घोषणांमध्ये तिचा उल्लेख फार कमी सापडतो.

चौथा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. ओपन गेटवेच्या पहिल्या आठ सेवांमध्ये फोनचं ठिकाण पडताळणं ही एक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमतीचा आहे. धंद्याच्या ॲपमध्ये मात्र सिम पुष्कळदा मालकाच्या नावावर असतं, फोनही त्याचाच, आणि तो घेऊन फिरणारा माणूस पगारी नोकर असतो. करारावर सही मालकाची, ठिकाण नोकराचं. पार्सल कुठे अडकलं हे पाहण्यासाठी दुपारी विचारलेला प्रश्न आणि सुट्टीच्या दिवशी तो माणूस कुठे गेला हे पाहण्यासाठी विचारलेला प्रश्न, नेटवर्ककडे दोन्ही अगदी सारख्या रूपात पोचतात. त्यांतला फरक ऑपरेटरने ओळखायचा, ॲप लिहिणाऱ्याने आधीच बांधून द्यायचा, की कामगार कायद्याने ठरवायचा, यावर टेलिकॉम, सॉफ्टवेअर आणि कामगार संघटना या तिघांनी एकत्र बसून बोलण्याची गरज आहे.